सवालीरामच्या मुलखातून आयसेफकडे

आयसेफ या जागतिक विज्ञान स्पर्धेच्या टेबलावर पाणी ठेवता येत नाही. माती, रोपटं, रसायन, खाण्याचा पदार्थ, काहीच नाही. वर्षभर खपून गढूळ पाणी गाळण्याची युक्ती शोधणाऱ्या मुलीनेही तक्ता, आकडे आणि नोंदवही घेऊन उभं राहायचं आणि परीक्षकांशी बोलायचं. आधीच माहीत असलेली गोष्ट समजावून सांगणारी प्रतिकृती तर नियमांतच बसत नाही. आपल्याकडच्या शालेय प्रदर्शनांत नेमकी तीच असते: खाण्याच्या सोड्याने उसळणारा ज्वालामुखी, थर्माकोलची सूर्यमाला, दिवे लागणारं धरण. त्यातली निम्मी तर वडिलांनी रात्री जागून चिकटवलेली!

१९५० साली फिलाडेल्फियात अमेरिकेपुरता सुरू झालेला हा मेळा १९५८ मध्ये परदेशी मुलांना खुला झाला. नववी ते बारावीची साठाहून अधिक देशांतली दीडएक हजार मुलं आता दर मे महिन्यात तिथे जमतात. इंटेलनंतर २०२०पासून रीजेनेरॉन ही औषध कंपनी त्याला पैसा पुरवते. सर्वोच्च पारितोषिक २०२४पर्यंत ७५ हजार डॉलरचं होतं. वरच्या क्रमांकांच्या मुलांची नावं लघुग्रहांना देण्याची प्रथा पडली आणि त्यांत पुण्याची मुलंही आहेत. भारताचा चमू ‘आयरिस’ या राष्ट्रीय मेळ्यातून निवडला जातो.

हे सगळं इंदुरात बसून वाचताना मला मात्र पुण्याच्या आधी होशंगाबाद आठवतं. नर्मदाकाठच्या त्या जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली वाट सोडून आलेल्या अनिल सद्गोपाल यांची किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांचा तो उपक्रम. डून स्कूलचे शिक्षक बी. जी. पित्रे यांच्या पुढाकाराने घडलेला, प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकवण्याचा प्रयत्न त्याच्या पाठीशी होता. सहावी ते आठवीच्या मुलांनी चार-चारच्या टोळीत प्रयोग करायचे, निरीक्षणं वहीत उतरवायची, मग वर्गात त्यावर वाद घालायचा. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात आयती उत्तरं नव्हतीच. त्यामुळे परीक्षेला पुस्तक उघडून बसायलाही हरकत नव्हती, आणि प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी.

मुलांना पडलेले प्रश्न पत्राने कळवायला सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. खेड्यापाड्यांतून त्याला पत्रं येत आणि जाणकार मंडळी त्याच्या नावाने उत्तरं धाडत. १९७८ मध्ये उपक्रम जिल्ह्याच्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन आलेल्या एका अभियंत्याने सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये काड्यापेटीच्या काड्या खोचून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. ते अरविंद गुप्ता. ‘आयुका’च्या मुक्तांगणात पुण्याच्या मुलांनी पुढे जी टाकाऊतली खेळणी पाहिली, त्यांचं मूळ इकडचं आहे.

१९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने हा उपक्रम देवास-उज्जैनसारख्या माळव्यातल्या जिल्ह्यांतही नेला. पुढे शाळांची संख्या हजाराच्या घरात गेली. आणि २००२ मध्ये, जिल्हा नियोजन समितीच्या ठरावाचा आधार घेऊन, राज्य सरकारने तो बंद केला. परीक्षेचे निकाल खालावतात, ही तक्रार होती. आयसेफचे परीक्षक मुलाच्या वहीत जे शोधतात, ते शिकवणारी व्यवस्था सरकारी शाळांत तीस वर्षं चालली आणि आपण ती मार्कांपायी मोडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंदुरात त्याच काळात दुसरं टोक उभं राहत होतं. सुखनिवासच्या तलावाकाठी १९८४ मध्ये प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. आज त्याला राजा रामण्णांचं नाव आहे. सागरचे दिलीप देवीदास भवाळकर त्याचे संस्थापक संचालक. इंडस-१ हा देशातला पहिला सिंक्रोट्रॉन प्रारण स्रोत इथलाच, आणि १७२ मीटर परिघाचा इंडस-२ही इथलाच. जिनिव्हाच्या महाकाय प्रवेगकातले चुंबक तोलून धरणारे हजारो जॅक भारताने पुरवले, ते काम याच केंद्राच्या देखरेखीत झालं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने शाळकरी मुलं हे सारं पाहायला येतात आणि डोळे विस्फारून परत जातात.

पण बघून येणं एका दिवसाचं, संशोधनाला वर्ष लागतं. ते मार्गदर्शकाचं वर्ष बहुधा अशा मुलाला मिळतं, ज्याच्या घरात कुणी आधीच प्रयोगशाळेत नोकरीला असतं. १९९३पासून चालत आलेली राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेस या बाबतीत अधिक उदार: दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या गावचा प्रश्न घ्यावा, आपल्या भाषेत मांडावा.

इंदूरला तर प्रश्न हुडकावा लागत नाही. २०१७पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिल्या आलेल्या या शहरातून कान्ह नदी वाहते आणि सांवेरमार्गे उज्जैनपाशी क्षिप्रेला मिळते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी आणि खाली सांवेरला पाण्यातला प्राणवायू दर आठवड्याला मोजायला एक साधा संच पुरतो. पाण्यातले जिवाणू वाढवून पाहायचे, तर आयसेफच्या नियमांनी ते घरी करता येत नाही. प्रयोगशाळा लागते, सुरुवातीआधी मंजुरीही लागते. १८९१मध्ये सुरू झालेलं होळकर महाविद्यालय शहरातच आहे. नववीतल्या मुलांच्या टोळीला तिथे शनिवारी दोन तास बसू द्यायला वेगळा निधी लागू नये.