गेम बदलतो, बंद होतो. खेळाडूला कोण सांगते?

चंडीगड : सेक्टर १७ च्या बाजारपेठेत घेतलेली वस्तू सदोष निघाली, तर ग्राहक दुसऱ्या दिवशी त्याच दुकानाची पायरी चढू शकतो. याच बाजाराच्या पादचारी चौकात बसून मोबाइलवर गेम खेळणाऱ्याला ही सोय नाही. पैसे मोजून घेतलेला पोशाख वा शस्त्र गेममधून नाहीसे झाले, तरी जाब विचारायला समोर दुकानदार नसतो. गेमची निर्माती कंपनी जे कळवील, तेवढेच त्याला कळते.

ऑनलाइन गेम हे कधीच पूर्ण न होणारे उत्पादन आहे. तो कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि अद्ययावत होताना त्याचे नियमही बदलतात. त्यामुळे बदलांची यादी, देखभालीसाठी गेम बंद राहण्याची पूर्वसूचना आणि चाचणी आवृत्ती ही संवादाची रूढ साधने ठरली. खेळाडूंच्या तक्रारी निर्मात्यांपर्यंत आणि निर्मात्यांचे निर्णय खेळाडूंपर्यंत पोहोचवण्यासाठी अनेक कंपन्या स्वतंत्र कर्मचारी नेमतात. प्रत्यक्षात त्यांच्याकडून बहुधा जाहिरातीचेच काम करून घेतले जाते, आणि घोडे तेथेच पेंड खाते.

हा संवाद तुटला की काय होते, हे भारतीय खेळाडूंनी अनुभवले आहे. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात पब्जी मोबाइल होता. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने जुलै २०२१ मध्ये बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया आणला, तेव्हा जुन्या खात्यातील माहिती नव्या गेममध्ये नेण्याची मुभा दिली. खेळाडू परतण्यास याची मोठी मदत झाली. मात्र २८ जुलै २०२२ रोजी हा गेमही अ‍ॅप स्टोअरवरून अचानक दिसेनासा झाला. सरकारी आदेशावरून तो हटवल्याचे गूगलने सांगितले. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता, ते खेळू शकत होते. पण पुढे काय, याचे उत्तर सुमारे दहा महिने कोणाकडेच नव्हते.

गेम मे २०२३ मध्ये परतला तो अल्पवयीनांसाठी दिवसाला ३ तास, इतरांसाठी ६ तास, पालकांची पडताळणी आणि खर्चावर मर्यादा अशा अटींसह. यातील पालकांच्या अटीचे महत्त्व चंडीगडलगतच्या खरडमध्ये सहज पटेल. तेथील १७ वर्षांच्या मुलाने पब्जीवर आईवडिलांच्या खात्यातील सुमारे १६ लाख रुपये उडवल्याचे वृत्त जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाले होते. कंपनीचा सारा व्यवहार खेळणाऱ्याशी. पैसे ज्यांचे, त्यांना मात्र पत्ताच नव्हता.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने वेगळी वाट धरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी तिने तो मर्यादित खेळाडूंच्या हाती चाचणीसाठी दिला. चुका आधीच ऐकून घेणे कंपनीलाही स्वस्त पडते.

खरा पेच गेम कायमचा बंद होताना येतो. फ्रान्सच्या युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेला गेम निरुपयोगी झाला. त्यानंतर युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेला १० लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या. कंपन्यांच्या अटींनुसार खेळाडू वस्तू नव्हे, तर तिच्या वापराचा परवाना विकत घेतो. ही बाब लांबलचक करारात दडलेली असते आणि तो करार क्वचितच कोणी वाचतो. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तेव्हा मुंबईच्या ड्रीम११ ने खात्यातील शिल्लक सुरक्षित असून ती काढता येईल, असे ग्राहकांना कळवले. गेममधील पोशाखाला अशी शिल्लक नसते.

तरीही दाद मागण्याचा मार्ग आहे. ई-कॉमर्सविषयक २०२० चे नियम डिजिटल उत्पादनांनाही लागू होतात. त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिनाभरात तक्रार निकाली काढणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कंपनीचे कार्यालय कोठेही असले, तरी खेळाडूला स्वतःच्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी खरेदीची पावती आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा लागतो.