कॉम्प्युटर आज वेगवान, उद्या संथ: लिनक्समधला ‘स्वॅप’चा क्रम का बदलतो?

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात लिनक्सवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर आहे. रॅम ४ जीबी. जुन्या हार्ड डिस्कच्या जोडीला नवी एसएसडी बसवली आहे. सोमवारी काम झपाट्याने होतं. मंगळवारी मशीन सुरू केलं, तर चार टॅब उघडताच सगळं अडकतं. त्या दिवशी शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असेल, तर विद्यार्थ्याचं नुकसान ठरलेलं. अशा वेळी नवा कॉम्प्युटर घेण्याआधी स्वॅपचा क्रम तपासायला हवा.

स्वॅप म्हणजे काय?

किराणा दुकानात काउंटरवर जागा संपली की लगेच न लागणारा माल गोदामात जातो. रॅम हे काउंटर, स्वॅप हे गोदाम. ही जागा डिस्कवर असते. हवा तो भाग शोधायला हार्ड डिस्कला काही मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याचा छोटासा अंश. त्यामुळे गोदामं दोन असतील, तर आधी कोणतं वापरलं जातं यावर वेग ठरतो.

क्रम का बदलतो?

स्वॅपच्या जागांची यादी ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये असते. डेबियन आणि उबुंटू या दोन्हींमध्ये २०१५ पासून मशीन सुरू करण्याचं काम मुख्यतः ‘सिस्टमडी’कडे आहे. वेळ वाचवण्यासाठी ते बरीच कामं एकाच वेळी सुरू करतं. जी डिस्क आधी तयार, तिचा स्वॅप आधी सुरू. यादीत वर कोण, खाली कोण, याला फारसा अर्थ राहत नाही.

प्राधान्य ठरवून दिलं नसेल, तर बहुतेक प्रचलित आवृत्त्यांमध्ये कर्नल पहिल्या स्वॅपला उणे २, दुसऱ्याला उणे ३ असे उतरते क्रमांक देतो. मोठा क्रमांक आधी वापरला जातो. म्हणजे हार्ड डिस्क आधी जागी झाली, तर एसएसडी रिकामी राहते आणि मशीन रेंगाळतं.

उपाय काय?

• टर्मिनलमध्ये ‘स्वॅपऑन’ आदेश ‘शो’ पर्यायासह चालवा. कोणता स्वॅप सुरू आहे आणि त्याचं प्राधान्य किती, ते दिसतं.

• एफएसटॅबची प्रत काढून ठेवा. मग स्वॅपच्या ओळीतल्या चौथ्या रकान्यात, पर्यायांसोबत, ‘पीआरआय’ ही इंग्रजी अक्षरं, बरोबरचं चिन्ह आणि आकडा लिहा. एसएसडीला १०, हार्ड डिस्कला ५. ० ते ३२७६७ पर्यंतचा आकडा चालतो. दोघांना सारखाच आकडा दिला, तर दोन्ही आळीपाळीने वापरले जातात.

• डिस्कचं नाव ‘एसडीए’, ‘एसडीबी’ असं लिहू नका. तेही बदलू शकतं. ‘बीएलकेआयडी’ आदेशाने मिळणारा यूयूआयडी लिहा.

• काढून टाकलेल्या डिस्कची ओळ यादीत राहिली, तर मशीन सुरू होताना साधारण ९० सेकंद तिची वाट पाहत बसतं. ती ओळ काढा. डिस्क कधी जोडलेली, कधी नसलेली असेल, तर ‘नोफेल’ हा पर्याय जोडा.

मग मशीन रीस्टार्ट करून पहिला आदेश पुन्हा चालवा. एसएसडीसमोर १० दिसले, की डिस्क कोणत्याही क्रमाने जाग्या होवोत, पहिला मान एसएसडीचाच.