मकबऱ्याची कारंजी, जलरंगात

घनसावंगीकडच्या शाळांची सहल वेरूळ-दौलताबादला निघाली की छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा त्यात धरलेलाच असतो. मुलं घुमटापुढे फोटो काढतात, वरच्या कठड्यावरून कबर बघतात आणि बसकडे पळतात. पण एखाद्याच्या दप्तरात इंटरमिजिएट परीक्षेसाठी घेतलेली जलरंगांची पेटी असेल, तर त्याने घुमटाआधी समोरचा कारंज्यांचा पट्टा चितारावा. या बागेचा जीव तिथे आहे.

मकबरा औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिचा. ती १६५७ मध्ये वारली. दरवाजावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय ही नावं कोरलेली आहेत. ताजमहालाचे वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी हे अताउल्लाचे वडील. बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे नोंदवलेला आहे. संगमरवर लांबून आणावा लागे. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने वाटेत दगडाच्या तीनशेवर गाड्या पाहिल्या, त्यातल्या लहानातल्या लहान गाडीला बारा बैल होते. तरी संगमरवर आला तो मुख्यत्वे भिंतींच्या खालच्या भागात आणि घुमटात. बाकी सगळी गुळगुळीत चुन्याच्या गिलाव्याची कामगिरी. ‘गरिबांचा ताज’ म्हणून मकबऱ्याला नाक मुरडणाऱ्यांनी ही गिलाव्यातली पानं-फुलं एकदा हातभर अंतरावरून पाहावीत.

प्रवेशद्वारापासून चौथऱ्यापर्यंत हौदांची रांग जाते आणि तिच्यात ६१ कारंजी आहेत. पंप नसलेल्या काळात कारंजं उडायचं ते उंचीच्या जोरावर: पाणी वर साठवायचं, बंद नळातून खाली सोडायचं आणि तोटीशी मोकळं करायचं. ही विद्या या शहराला मुरलेली होती. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं आणि पुढे डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात आणलं.  पुढे शहरातल्या पाणचक्कीत याच पद्धतीच्या पाण्यावर जातं फिरलं आणि तिथल्या दर्ग्यातल्या फकीर-यात्रेकरूंसाठी धान्य दळलं गेलं.

आता कागदावर. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही असं ठरवलं, तर उडतं पाणी रंगवता येत नाही, ते राखावं लागतं. मागच्या सरूंचा गडद हिरवा आधी दोन्ही बाजूंनी आणायचा आणि मधे धारेपुरता कागद कोरा सोडायचा. कड ओली असतानाच स्वच्छ पाण्याने मऊ केली की तुषार दिसतात. माथ्यावरचे सुटे थेंब कोरड्या ब्रशच्या खरखरीत फटकाऱ्यातून आपोआप उरतात. घाईत हिरवा धारेवर आला, की वरून पांढरा थापून तो ताजेपणा परत येत नाही. कारंजी बंद असतील त्या दिवशी तोटीभोवतीचा ओला-सुका दगड आणि हौदातलं घुमटाचं प्रतिबिंब घ्यावं. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा किंचित गडद ठेवावं, नाहीतर हौद पाण्याचा न वाटता आरशाचा वाटतो.

बसायला सकाळ बरी. दारातून उत्तरेकडे पाहताना ऊन उजवीकडून येतं, डाव्या मिनारांच्या सावलीत निळसर छटा भरते आणि गिलाव्यावरचे पावसाचे काळे ओघळ स्पष्ट होतात. ते ओघळ गाळू नयेत. इमारतीचं वय त्यांतूनच उमटतं. ऊन चढलं की पाणचक्कीला जावं. तिथला लांबट हौद आणि उंचावरून पडणारी धार हा दुसऱ्या चित्राचा विषय आहे.