वणवा, विमान आणि आपला डोंगर

होळी झाली कीं महाड व पोलादपूर तालुक्यांच्या डोंगरउतारांवर रात्रीं अग्नीच्या माळा दिसूं लागतात. दुरून पाहणारास त्या शोभिवंत वाटतात. ज्याची उडवी, गोठा किंवा काजूची बाग त्या माळेच्या वाटेंत आहे त्यास मात्र झोंप लागत नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराभोंवतीं लागलेल्या वणव्यांचीं चित्रें पुष्कळांनीं मोबाईलवर पाहिलीं, आणि तेव्हांपासून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो : तिकडे विमानांतून पाणी ओततात, तसें आपल्याकडे कां करीत नाहींत ? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें थोडें विवेचन येथें करितों.

पहिली गोष्ट ही कीं, आपल्याकडेही तें झालेलें आहे, आणि तेंही याच सह्याद्रींत. मार्च २०२३ मध्यें गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत, म्हादई अभयारण्याच्या परिसरांत, वणवे पेटले व कित्येक दिवस धुमसत राहिले. त्या वेळीं वायुदल व नौदल या दोहोंचीं हेलिकॉप्टरें पाचारण करण्यांत आलीं. त्यापूर्वीं २०१६ सालीं उत्तराखंडांत भीमताल सरोवराचें पाणी उचलून, आणि २०१९ सालीं कर्नाटकांतील बंदीपूर येथें, वायुदलानें हेंच काम केलें होतें. रीत अशी : हेलिकॉप्टराखालीं लांब दोरानें एक मोठी घडीची बादली टांगतात. हेलिकॉप्टर जलाशयावर स्थिर राहून ती बुडवितें, भरली कीं आगीवर नेतें, आणि चालकानें कळ दाबतांच बादलीचें बूड उघडून पाणी खालीं पडतें. एका खेपेस तीन हजार लिटरांच्या आसपास पाणी नेतां येतें. परदेशांत एका जातीचें विमान सरोवराच्या पृष्ठभागावरून धांवतां धांवतां सुमारें बारा सेकंदांत सहा हजार लिटर पाणी पोटांत भरून घेतें. कांहीं विमानांतून लाल द्रव्य टाकतात. तें मुख्यत्वें अमोनियम फॉस्फेट, म्हणजे आपण डीएपी म्हणून शेतांत घालतों त्याच कुळांतलें. लाल रंग वैमानिकास खूण दिसावी एवढ्याचसाठीं. हें द्रव्य बहुधा आगीच्या पुढील गवतावर टाकतात, म्हणजे तें गवत सहज पेट घेत नाहीं.

आतां हिशेब पाहूं. महसूल खात्यांत आमची हयात आकडेमोडींत गेली, ती खोड जात नाहीं. तीन हजार लिटर पाणी दहा गुंठ्यांवर सारखें पसरलें तर जेमतेम तीन मिलिमीटर पाऊस पडल्यासारखें होतें. एवढ्यानें ज्वाळा बसतात, परंतु खुंटांतला व ओंडक्यांतला विस्तव विझत नाहीं. माणसांनीं लागलीच तेथें पोंचून तो उकरून विझविला नाहीं तर वारा येतांच पुन्हां पेटतो. शिवाय वारा फार असला तर विमानास काम करितां येत नाहीं. लॉस एंजेलिस येथें ७ जानेवारीच्या रात्रीं, गरज अत्यंत असतां, वाऱ्यामुळेंच विमानें जमिनीवर उभीं ठेवावीं लागलीं. आणि दोन दिवसांनीं एका खाजगी ड्रोनची टक्कर लागून पाणी टाकणारें एक विमान कांहीं दिवस निकामी झालें. तेव्हां बादली आली तरी डोंगरावर माणूस चढावाच लागतो.

त्या माणसानें काय करावयाचें, हें अधिक उपयोगाचें आहे. आगीस जळण, हवा व उष्णता लागते. पैकीं आपल्या हातीं जळण तेवढेंच. म्हणून तिच्या वाटेंतील गवत व पाला खरवडून माती उघडी करावयाची. वनखात्याची जाळरेषा ती हीच. आगीच्या तोंडासमोर जाऊं नये. जेथून ती जळत आली तें तिचें बूड. तेथून आरंभ करून दोन्ही कडांनीं ओल्या टहाळ्यांनीं दाबीत तोंडाकडे सरकावें, म्हणजे पाठीशीं नेहमीं जळून गेलेली निर्धोक जमीन राहते. टहाळा डोक्यावरून आपटूं नये, ठिणग्या उडतात. दाबून जळल्या बाजूकडे ओढावा. चढावर खालच्या ज्वाळेनें वरचें गवत आधींच तापतें, त्यामुळें दर दहा अंश चढास आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. त्यांत दुपारचा समुद्राकडील वारा नळींतून वर चढतो. तमिळनाडूंतील कुरंगणी येथें मार्च २०१८ मध्यें डोंगर चढावयास गेलेलीं वीसांहून अधिक माणसें अशाच उतारावर वणव्यांत सांपडून मेलीं. आगीच्या वरच्या अंगास उभें राहण्याची चूक कोणींही करूं नये.

मोठ्या आगीस जाळरेषेपासून उलट आग लावून अडवितात. हें जाणत्याचें काम. पण तत्त्व आपणांस नवीन नाहीं. राब भाजतांना वारा ज्या दिशेस जातो त्या टोंकास विस्तव लावतात, कीं आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकावी. तेंच हें.

आणि येथेंच आमचें दुखणें आहे. नोकरींत असतां एका वाडीवर आम्हांस पंचनाम्यास जावें लागलें. भर दुपारीं राब पेटवून मालक जेवावयास गेला होता. सात उडव्या, दोन गोठे आणि दावणीस बांधलेली एक गाभण म्हैस जळाली. म्हैस एका विधवा बाईची, आणि राबवाला तिचा चुलत दीर. राबाच्या राखेपासून काळा पट्टा सरळ गोठ्यापर्यंत गेलेला दिसत होता. पंच म्हणाले, कारण ठाऊक नाहीं. बाईही तेंच म्हणाली. आम्हींही 'कारण अज्ञात' असेंच लिहिलें. ती ओळ आजही आठवते.

आतां तसें लिहिणें कठीण होत आहे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ सालापासून उपग्रहांनीं टिपलेल्या आगींची वर्दी देत आली आहे. नव्या उपकरणास सुमारें ३७५ मीटरांच्या चौकटींत आग दिसते, व नांव नोंदविणारास संदेश येतो. मात्र उपग्रह दिवसांतून थोड्याच वेळां माथ्यावरून जातात, आणि गवताची आग दोन फेऱ्यांच्या मध्येंच डोंगर ओलांडते. पहिली वर्दी वाडीवरच्या माणसाचीच. भारतीय वन अधिनियम, १९२७, कलम ७९ प्रमाणें राखीव किंवा संरक्षित वनांत ज्यांस हक्क अथवा सवलती आहेत त्यांनीं आगीची खबर देणें व विझविण्यास साह्य करणें बंधनकारक आहे, हें अनेकांस ठाऊकही नसतें.

वरकस जमिनीच्या कडेची जाळरेषा कार्तिक-मार्गशीर्षांत, गवत पुरतें वाळण्यापूर्वीं, काढावी. फाल्गुनांत काढूं म्हणणाराची ती राहूनच जाते. राब सकाळीं, वारा सुटण्यापूर्वीं पेटवावा. भोंवतीं चार-पांच हात माती उघडी असावी, दोन माणसें व भरलेले हंडे जवळ असावेत, आणि शेजाऱ्यास आदल्या दिवशीं सांगावें. भाजून झाल्यावर राखेवर उलटा हात धरून पाहावें. ऊब लागली तर जेवण तेथेंच मागवावें.