पिवळा रुमाल, ऐंशी हजार पंच

न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर जायंट्सचा टचडाउन झाला, की लोक लगेच नाचायला लागत नाहीत. आधी सगळ्यांची नजर मैदानावरून फिरते, कुठे पिवळं काही पडलंय का बघायला. नसेल तर मग मिठ्या, आरडाओरडा, पुढच्याच्या मानेवर सांडलेली बिअर. असेल तर शिव्या. नेमका गुन्हा काय आणि कोणाचा, हे कळायच्या आतच त्या सुरू होतात. पंचाने टाकलेला तो पिवळा झेंडा समोरच्या संघावरही पडलेला असू शकतो, हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

माझा शेजारी या बाबतीत चांगलाच मुरलेला आहे. टपाल खात्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. सीझन तिकिटं वडिलांकडून वारशाने आलेली. त्याच्या मते अमेरिकन फुटबॉलमध्ये तीन संघ खेळतात आणि तिसरा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, दर रविवारी जायंट्सच्या विरुद्ध असतो. त्याच्याबरोबर सामन्याला गेलं की खेळापेक्षा पंचांबद्दलच जास्त ऐकावं लागतं. म्हणून एका सामन्यात मी ठरवलं, चेंडू बघायचाच नाही, फक्त पंच बघायचे. जागा खालच्या रांगेत होती, मैदानाच्या कडेचा पंच हाकेच्या अंतरावर, आणि शेजाऱ्याची दुर्बीण हाताशी.

मैदानावर पंच सात. आमच्या समोरच्या पंचाच्या मनगटाला एक रबरी पट्टा होता आणि त्याचा फास एका बोटात अडकवलेला. पहिला प्रयत्न चालू असला की फास तर्जनीत, दुसरा असला की मधल्या बोटात, असा तो सरकत जायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड न्यायचे असतात, त्यामुळे चार बोटं पुरतात. चहूबाजूंनी कॅमेरे रोखलेल्या या खेळात कितवा प्रयत्न चालू आहे, हे माणूस अजून बोटावर लक्षात ठेवतो. कमरेला तो पिवळा रुमाल, म्हणजेच झेंडा, खोचलेला, फेकल्यावर लांब जावा म्हणून आत वजन भरलेला. चाल सुरू होण्याआधीच कोणी हलला तर पंच रुमाल नुसता हवेत उडवतो. चाल चालू असताना गुन्हा झाला आणि जागा महत्त्वाची असली, तर त्या जागेच्या रोखाने फेकतो.

या रुमालाची कल्पना १९४१ मध्ये ओहायोतल्या यंगस्टाउन कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांना सुचली. त्याआधी पंच भोंगे किंवा शिट्ट्या वाजवायचे आणि गोंगाटात ते कोणाला ऐकू जायचे नाहीत. पहिला रुमाल बीडींच्या पत्नीने शिवला. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये तो १९६५ मध्ये पिवळा झाला, तोवर पांढरा होता. त्यातल्या वजनाने एकदा अनर्थही केलाय. १९९९ मध्ये क्लीव्हलंडच्या ऑर्लँडो ब्राउनच्या डोळ्यात चुकून असा रुमाल लागला. त्याने चिडून पंचाला ढकललं आणि निलंबन ओढवून घेतलं. डोळ्याच्या इजेमुळे पुढचे तीन मोसम तो खेळू शकला नाही.

सगळ्यात बघण्यासारखा असतो पांढऱ्या टोपीवाला मुख्य पंच. तो क्वार्टरबॅकच्या मागे, त्याच्या फेकणाऱ्या हाताच्या बाजूला उभा राहतो. चेंडू हातातून सुटला की स्टेडियममधल्या ऐंशी हजार माना चेंडूबरोबर वळतात. त्याची वळत नाही. चेंडू गेल्यावर क्वार्टरबॅकला कोणी उशिरा धडक देतं का, हे बघणं त्याचं काम. झेल घेतला की सुटला, हे त्याला बहुधा लोकांच्या आवाजावरूनच कळत असेल. बाकीच्या सहांचंही तसंच. प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक खेळाडू आलेले असतात आणि सुरुवातीला त्यांच्यावरून नजर हटवायची नसते. प्रेक्षक चेंडू बघतात, पंच माणसं बघतात, आणि घोषणा झाली की दोघं एकाच खेळाबद्दल भांडत असल्याचा भास होतो.

दुर्बीण मी क्वार्टरबॅकच्या पुढे उभ्या असलेल्या लाइनमनच्या हातांवर लावली. एकेक जण दीडशे किलोच्या घरातला. त्यांना अंगावर येणाऱ्याच्या छातीला हात लावून रेटायची मुभा आहे. धरून ओढायची किंवा गळ्यात हात टाकून फिरवायची नाही. निदान पुस्तकात तरी नाही. प्रत्यक्षात दर चालीत कोणाच्या ना कोणाच्या मुठीत समोरच्याची जर्सी होतीच. हे धरणं, म्हणजे होल्डिंग, शोधायला गेलं तर प्रत्येक चालीत सापडतं, असं जुने खेळाडू आणि समालोचक उघड बोलतात. नियमाचीच भाषा अशी, की धरण्यामुळे समोरच्याला खरोखर अडसर झाला पाहिजे. चाल उजवीकडे चालली असेल आणि डावीकडच्या टोकाला कोणी जर्सी धरली, तर पंच सोडून देतो. झेंडा पडला याचा अर्थ एवढाच, की आत्ताचं धरणं पंचाला दखल घेण्याइतकं वाटलं. क्रिकेटमध्ये ‘अंपायर्स कॉल’ला आपण नावं ठेवतो, पण तिथे निदान वाद चेंडूच्या काही मिलिमीटरचा असतो. इथे दर चालीत सात माणसं ठरवतात की काय बघायचं आणि कशाकडे काणाडोळा करायचा.

त्या दिवशी जायंट्सची एक लांबलचक धाव टचडाउनपर्यंत गेली आणि होल्डिंगपायी रद्द झाली. चेंडू कुठल्या कुठे होता, झेंडा मागे पडला होता, दहा यार्ड मागे या. भोवतालच्या लोकांना हे सरळसरळ कारस्थान वाटलं. मी मात्र नेमका तिकडेच बघत होतो. आमच्या लाइनमनने समोरच्याच्या खांद्याला मागून मिठी घातली होती. “होल्डिंग होतं,” असं मी म्हणून गेलो. शेजारी पुढचा सगळा क्वार्टर माझ्याशी बोलला नाही.

फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलची, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याची, तीच कथा. ३५–३५ बरोबरी, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला, आणि फिलाडेल्फियाच्या जेम्स ब्रॅडबरीवर होल्डिंगचा झेंडा. कॅन्सस सिटीने वेळ संपवत आणून किक मारली, ३८–३५. ‘एवढ्या मोठ्या सामन्यात, अशा वेळी, एवढ्याशावरून?’ असा गिल्ला फिलाडेल्फियाने केला. ब्रॅडबरीने मात्र सामना संपल्यावर स्वतःच कबूल केलं, की आपण धरलं होतं. पंच सोडून देतील अशी आशा होती. हा राग मला पटत नाही. शेवटच्या दोन मिनिटांसाठी वेगळं नियमपुस्तक काढा, अशीच ती मागणी आहे.

न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघाचा राग मात्र पूर्णपणे रास्त. २० जानेवारी २०१९, सुपर बोलच्या आधीचा सामना, २०–२० बरोबरी, अखेरची दोन मिनिटं. सेंट्सच्या टॉमीली लुइसकडे चेंडू पोहोचायच्या आधीच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन चेंडूकडे न बघता त्याच्यावर जाऊन आदळला. झेंडा पडलाच नाही. रॅम्स जादा वेळेत २६–२३ ने जिंकले. चूक झाल्याचं लीगच्या कार्यालयाने फोनवर मान्य केलं, असं सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी लगेच सांगितलं. रोबी-कोलमनलाही नंतर दंड झाला. सुपर बोलच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या ‘टाइम्स-पिकायून’ने पहिलं पान जवळजवळ कोरं सोडलं. प्रेक्षक कोर्टातही गेले, पण लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा चालू दिला नाही.

त्यावर लीगने उपाय केला तो असा, की पुढच्या मोसमात अशी धडक, म्हणजे पास इंटरफिअरन्सही, रिप्लेवर तपासता येईल. स्लो मोशनमध्ये कुठलाही स्पर्श गुन्हा वाटतो, म्हणून न्यू यॉर्कमध्ये बसलेले लोक मैदानावरचा निर्णय सहसा फिरवेनात. उघड दिसणारी चूकही तशीच राहिल्यावर प्रशिक्षक आणखी चिडले. एका मोसमात प्रयोग गुंडाळला गेला.

पंच नकोतच, असं कोणाला वाटत असेल तर त्याने २०१२ आठवावं. वेतन-पेन्शनच्या वादात लीगने नेहमीच्या पंचांना बाहेर ठेवलं आणि बदली माणसं आणली. २३ सप्टेंबरला बाल्टिमोरमध्ये लोकांनी त्या बदली पंचांना एका सुरात इतकी गलिच्छ शिवी दिली, की ती टीव्हीवर लपवता आली नाही. दुसऱ्या रात्री सिएटलमध्ये शेवटच्या चेंडूवर शेजारी-शेजारी उभ्या दोन पंचांनी दोन वेगवेगळ्या खुणा केल्या. दोन दिवसांत समझोता झाला. गुरुवारी, २७ तारखेला, त्याच बाल्टिमोरमध्ये नेहमीचे पंच मैदानात आले तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. या धंद्यात पंचांच्या वाट्याला आलेला हा एवढाच सत्कार मला माहीत आहे.

पंचांवरच्या रागात आता पैसाही आलाय. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सट्ट्यावरची केंद्रीय बंदी उठवली, तीही न्यू जर्सीनेच लढवलेल्या खटल्यात. आमच्या मागच्या रांगेतल्या पोराचं लक्ष मैदानापेक्षा फोनवर जास्त होतं. टचडाउन रद्द झाल्यावर तो जे ओरडला त्यात जायंट्सचं नाव नव्हतं, डॉलरचा आकडा होता.

शेजाऱ्याची सगळी भिस्त आता यंत्रांवर आहे. २०२५ पासून दहा यार्ड पूर्ण झाले का, हे साखळीऐवजी क्रिकेटवाल्यांच्या ओळखीच्या हॉक-आय कॅमेऱ्यांनी मोजतात, याचा त्याला फार आनंद झालाय. पण मोजायच्या आधी चेंडू जमिनीवर कुठे ठेवायचा, ते अजूनही पंचच ठरवतो, आठ-दहा धिप्पाड माणसांच्या ढिगाऱ्यातून अंदाज घेत. जानेवारी २०२५ मध्ये कॅन्सस सिटीत बफलोच्या जॉश ॲलनने चौथ्या प्रयत्नात एका यार्डासाठी मुसंडी मारली, तेव्हा दोन कडांनी धावत आलेल्या दोन पंचांच्या जागा जुळल्या नव्हत्या. कमी पडलेली जागा धरली गेली आणि बफलो ३२–२९ ने हरलं. हे मी शेजाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग चेंडूतच काहीतरी बसवा. आणि होल्डिंगचं काय करायचं, विचारल्यावर म्हणाला, ते फक्त दुसऱ्या संघाचं बघायचं.