भाडेपट्ट्यावरील व्हॅनच्या डिझेल इंधनप्रणालीची दुरुस्ती : दायित्वाचा प्रश्न

प्रस्तावना :
शैक्षणिक संस्था, लहान व्यावसायिक आणि मालवाहतूकदार यांच्याकडील अनेक वाहने आज विकत घेतलेली नसून मासिक भाडेपट्ट्यावर वापरली जातात. अशी व्हॅन चालता चालता बंद पडते, कार्यशाळेत उच्चदाब पंप व इंजेक्टर निकामी झाल्याचे सांगितले जाते आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक काही महिन्यांच्या भाड्याइतके निघते. निकृष्ट डिझेल भरल्याचा आरोप मालक करतो, तर वाहन मुळातच झिजलेले होते असे वापरणारा म्हणतो. प्रस्तुत लेखात या वादाची यांत्रिक व कायदेशीर बाजू एकत्र तपासण्याचा प्रयत्न केला आहे. कारण बिघाडाचे कारण ठरल्याशिवाय कायद्याचे कोणते कलम लागू करावे हेच ठरत नाही.

बिघाडाचे स्वरूप :
आधुनिक डिझेल इंजिनात 'कॉमन रेल' पद्धतीने इंधन पुरविले जाते. पंप डिझेलचा दाब १६०० ते २००० बार किंवा त्याहूनही अधिक वाढवितो आणि इंजेक्टर ते सूक्ष्म फवाऱ्याच्या रूपाने सिलिंडरमध्ये सोडतात. या भागांमधील फट केवळ काही मायक्रॉन असते आणि बहुतेक हलक्या वाहनांत पंपाला वंगण म्हणून स्वतः डिझेलच काम करते. म्हणून डिझेलात पाणी, पेट्रोल अथवा केरोसीन मिसळले की वंगणगुण घटतो, धातू धातूवर घासतो आणि त्याचे कण रेल, इंजेक्टर व परतीच्या नळीवाटे टाकीपर्यंत पसरतात. असे झाल्यास केवळ पंप बदलून भागत नाही, संपूर्ण प्रणाली बदलावी किंवा धुवावी लागते. देयक मोठे होण्याचे कारण हे आहे.

मात्र हाच शेवट दुसऱ्या मार्गानेही गाठला जातो. लाखो किलोमीटर धावलेल्या वाहनात नोझलची झीज स्वाभाविक असते. फिल्टर वेळेवर न बदलल्यास चांगले डिझेलही पंपाला वाचवू शकत नाही. अर्धवट रिकाम्या टाकीत पावसाळ्यातील दमट हवेतले पाणी साचते. कोकणात हा अनुभव नवा नाही. ते पाणी जलविभाजकातून नियमितपणे सोडून देणे हे रोज वाहन हाताळणाऱ्याचे काम होय. सूचक दिवा लागूनही वाहन पुढे दामटले असेल, तर पुढील हानीचा काही वाटा निश्चितच त्याच्याकडे जातो.

कायद्याची भूमिका :
मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील भाडेपट्टा स्थावर मालमत्तेपुरता आहे. वाहनाचा ताबा भाड्याने देणे हा भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार 'निक्षेप' ठरतो. या अधिनियमातील कलम १५० कडे अशा वादांत फारसे लक्ष दिले जात नाही, हे आश्चर्यकारक आहे. वस्तू भाड्याने दिली असेल, तर तिच्यातील दोषामुळे घेणाऱ्याचे जे नुकसान होते त्यास देणारा जबाबदार असतो, मग तो दोष त्याला ठाऊक असो वा नसो. अधिनियमाने स्वतःच भाड्याच्या गाडीचे उदाहरण दिले आहे : गाडी असुरक्षित आहे हे मालकास माहीत नव्हते, तरी भाडेकऱ्यास इजा झाल्यास मालकच जबाबदार. उदाहरण घोड्यांच्या काळातले असले, तरी तत्त्व आजच्या व्हॅनलाही लागू पडते. प्रणालीत आधीपासून दोष होता असे दिसल्यास, वाहन ओढून नेण्याचा खर्च आणि बुडालेल्या फेऱ्यांचे नुकसान मागण्यास वापरणाऱ्याला येथे आधार मिळतो.

वापरणाऱ्याचे कर्तव्य कलम १५१ मध्ये आहे : सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी. ती घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १५२ नुसार वस्तूच्या हानीबद्दल तो जबाबदार नाही. परंतु कलम १५४ कडक आहे. करारातील शर्तीविरुद्ध वापर झाला, तर त्या वापरात झालेली हानी भरून द्यावी लागते. अधिकृत पंपावरूनच डिझेल भरण्याची शर्त असताना सुट्या कॅनमधून स्वस्त इंधन घेणाऱ्यास 'मी काळजी घेतली होती' हा बचाव उपयोगी पडणे कठीण आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) नुसार भाडेपट्ट्याखाली ताबा असणारी व्यक्ती 'मालक' ठरते, म्हणून दुरुस्तीही तिनेच करावी, असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. तो प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटत नाही. ती व्याख्या त्या अधिनियमाच्या प्रयोजनांसाठी आहे. दोन पक्षांमधील खर्चाची वाटणी त्यांच्या करारावरून ठरते. वित्तीय भाडेपट्ट्यात देखभालीचा भार बहुधा पूर्णपणे वापरणाऱ्यावर टाकलेला असतो. कार्यकारी भाडेपट्ट्यात तो अनेकदा मालकाकडे राहतो, पण 'गैरवापर व अशुद्ध इंधन' यांचा अपवाद ठेवून. वादाचे मूळ बहुतेक वेळा या अपवादात असते. विम्याकडे पाहण्यात अर्थ नाही. सर्वसाधारण मोटार विमा यांत्रिक बिघाड व झीज वगळतो.

महाविद्यालयांपुरते सांगायचे, तर सहलीसाठी चालकासह घेतलेल्या वाहनाचा ताबा मालकाच्या चालकाकडेच राहतो. तेथे निक्षेप झाला असे म्हणणेच अवघड आहे आणि 'डिझेल तुमचे' एवढ्या बोलीवरून पंपाच्या दुरुस्तीची जबाबदारी संस्थेवर येत नाही.

पुराव्याचा प्रश्न :
कार्यशाळेच्या 'इंधनात भेसळ' या एका ओळीच्या शेऱ्यावर मालकाची मागणी सहसा उभी असते. परंतु उत्पादकाची हमी चालू असेल, तर दोष इंधनावर ढकलल्याने हमीचा दावा नाकारता येतो. म्हणजे अधिकृत कार्यशाळा येथे पूर्णतः तटस्थ नसते. शिवाय तो शेरा खरा मानला, तरी अशुद्ध इंधन कोणी व केव्हा भरले हे त्यातून कळत नाही. वाहन आठवड्यापूर्वी दुसऱ्याच्या वापरात असेल, तर हा प्रश्न निर्णायक ठरतो.

सुटे भाग बोलतात, पण ते जपले तरच. गंजाचे डाग पाण्याकडे निर्देश करतात. सर्व इंजेक्टरवरील सारखी, जुनी झीज वयाकडे. म्हणून पंप उघडण्यापूर्वीच दोन्ही पक्षांसमक्ष टाकीतील व फिल्टरमधील इंधनाचे नमुने स्वच्छ बाटल्यांत मोहोरबंद करावेत, किलोमीटरची नोंद व छायाचित्रे घ्यावीत आणि बदललेले भाग परत मागावेत. नमुन्याची तपासणी आयएस १४६० या भारतीय मानकाच्या निकषांवर प्रयोगशाळेत होऊ शकते. डिझेलच्या पावत्या कोठे व केव्हा इंधन भरले हे वापरणाऱ्याच्या बाजूने सांगतात, तर मागील देखभालीची नोंदवही मालकाकडे असते. एखादी गोष्ट ज्याच्या विशेष माहितीतील आहे त्यानेच ती सिद्ध करावी, हा भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०६ मधील नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आला आहे. फिल्टर शेवटचा केव्हा बदलला, हे मालकाला त्या नियमाच्या आधारे विचारता येते. आणि पावत्या का नाहीत, हे वापरणाऱ्याला.

दुरुस्तीस तातडी असल्यास हक्क राखून, म्हणजे लेखी निषेध नोंदवून, रक्कम भरता येते. वाहन बंद असलेल्या दिवसांचे भाडे देय आहे की नाही, याची तरतूद मात्र करारातच करून घ्यावी लागते. छापील नमुन्यांत ते कलम असलेच, तर बहुधा मालकाच्या बाजूने लिहिलेले असते.