सुपरहिरो त्यांचा, बोल आपले!

कुस्तीच्या फडात दोन मल्ल भिडलेले असतात, हलगी घुमत असते. पण कुणी पट काढला, कुणी ढाक लावली, मल्ल कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, हे सांगणारा माईकवरचा गडी नसेल तर निम्म्या पब्लिकला कुस्ती कळतच नाही. कुस्ती मल्लांची खरी, पण तिच्यात रंग भरतो तो निवेदक. आता समजा, हीच गोष्ट सिनेमाच्या बाबतीत केली तर? पडद्यावर सिनेमा चालू आहे आणि आपल्या कानाशी कुणीतरी जाणकार बसून सांगतो आहे, "हे बघा, हा माणूस उडतो ना, तो कसा उडवला सांगतो तुम्हाला."

अमेरिकेत हा उद्योग बरीच वर्षे चालू आहे. तिथली हौशी मंडळी सुपरमॅन, बॅटमॅन अशा महानायकांच्या सिनेमावर स्वतःचे समालोचन ध्वनिमुद्रित करतात. सिनेमा बनवणाऱ्या कंपनीशी यांचा काही संबंध नसतो. सिनेमावर जीव आहे, एवढेच यांचे भांडवल. चार मित्र एका खोलीत बसतात, सिनेमा लावतात आणि दोन-अडीच तास बोलत राहतात. ते बोलणे मुद्रित करून इतर शौकिनांना देतात. ऐकणाऱ्याने आपल्या घरी तोच सिनेमा लावायचा आणि सोबत हे बोलणे ऐकायचे.

"रिकामटेकड्यांचे उद्योग!" असे कुणी म्हणेल. पण शेतकरी बंधूंनो, जरा थांबा. या हौशीत आपल्या गावच्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे. तिच्याकडे शेवटी येऊच. आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू.

सुरुवात कुठून झाली?

सिनेमा मुका होता तेव्हा तो समजावून सांगणारा माणूस थिएटरात उभाच असायचा. जपानमध्ये अशा माणसाला 'बेन्शी' म्हणत. हे बेन्शी इतके लोकप्रिय होते, की काही प्रेक्षक नटाचे नाव न पाहता बेन्शीचे नाव पाहून तिकीट काढत. आपल्याकडेही मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगणारे होते. पुढे सिनेमा बोलू लागला आणि सांगणारा माणूस घरी गेला.

तो परत आला १९८४ साली. अमेरिकेतील क्रायटेरियन या कंपनीने 'किंग काँग' हा १९३३ सालचा जुना सिनेमा लेझर डिस्कवर काढला. त्या तबकडीवर आवाजासाठी एक जादा पट्टी मोकळी होती. रोनाल्ड हेव्हर नावाच्या अभ्यासकाने त्या पट्टीवर सिनेमाचा इतिहास सांगितला. ही पहिली ध्वनिसमालोचना मानली जाते. १९९७ च्या सुमारास तिकडे डीव्हीडी आल्या आणि दिग्दर्शकांनी आपल्या सिनेमावर स्वतःच बोलण्याची पद्धत पडली. १९७८ च्या 'सुपरमॅन' सिनेमाची डीव्हीडी २००१ साली निघाली, तेव्हा दिग्दर्शक रिचर्ड डॉनर आणि लेखक टॉम मँकिविझ असे दोघे बसून बोलले.

पण मालकाने आपल्याच बैलाचे गुण सांगावेत आणि खोड झाकावी, तसा तो प्रकार. कंपनीच्या पैशाने निघालेल्या तबकडीवर "हा भाग फसला" असे सहसा कोण बोलेल? क्वचित कुणी बोलतो. 'बॅटमॅन अँड रॉबिन' हा १९९७ चा सिनेमा लोकांना मुळीच आवडला नव्हता. दिग्दर्शक जोएल शूमाकर यांनी २००५ साली त्याच्या डीव्हीडीतील मुलाखतीत निराश झालेल्या चाहत्यांची चक्क माफी मागितली. पण असा मोठ्या मनाचा माणूस विरळा.

२००२ साली रॉजर ईबर्ट या नामांकित समीक्षकाने आपल्या सदरात एक सूचना मांडली. कंपनीची वाट कशाला पाहता? ज्याला सिनेमा आवडतो त्याने, आणि ज्याला आवडत नाही त्यानेही, आपले बोलणे स्वतः मुद्रित करावे आणि इतरांना ऐकू द्यावे. संगणकावर एवढे करणे तोवर सोपे झाले होते.

थट्टेची वाट तर त्याआधीच पडली होती. १९८८ साली मिनेसोटा राज्यातील एका स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रावर 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' हा कार्यक्रम सुरू झाला. एक माणूस आणि दोन यंत्रमानव पडद्याच्या खालच्या बाजूला सावलीसारखे बसत आणि रद्दी सिनेमांची टर उडवत. चाहत्यांनी त्याच्या व्हिडिओ कॅसेट या हातातून त्या हातात फिरवल्या. त्याच मंडळींपैकी तिघांनी २००६ पासून 'रिफट्रॅक्स' नावाने नुसता आवाज विकायला सुरुवात केली. 'आयर्न मॅन' आणि 'द डार्क नाइट' हे सुपरहिरोपटही त्यांनी सोडले नाहीत.

शेतकऱ्याचे पोर सुपरमॅन

आता कुणी विचारेल, बोलायचे तरी काय? तर ज्याला जे ठाऊक आहे, ते बोलायचे. कुणाला छायाचित्रणाची माहिती असते. कुणाला मूळ चित्रकथांचा एकेक अंक पाठ असतो. कुणी आपण लहानपणी कुणाचे बोट धरून हा सिनेमा पाहिला ते सांगतो.

एक उदाहरण देतो. सुपरमॅन हा कोण? दुसऱ्या ग्रहावरून आलेले पोर खरे, पण त्याला वाढवले ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील एका शेतकरी जोडप्याने. १९७८ च्या सिनेमात शेतावरचे प्रसंग आहेत. प्रत्यक्षात ते कॅनडातील अल्बर्टा या गव्हाच्या मुलखात चित्रित झाले. बाप हृदयविकाराने शेतावरच कोसळतो. अंगात एवढी ताकद असून आपण त्याला वाचवू शकलो नाही, हे पोराच्या जिव्हारी लागते. पुढे सोनेरी गव्हाच्या शेतात उभा राहून तो आईला सांगतो, की आता मला निघाले पाहिजे.

शहरातला समालोचक इथे कॅमेऱ्याबद्दल बोलेल, संगीताबद्दल बोलेल. पण एखादा शेतकरी बोलला तर? त्याला आधी दिसेल तो पिवळा पडलेला गहू. म्हणजे काढणी तोंडावर, घरातला कर्ता पुरुष गेलेला, आणि हाताशी आलेले पोर निघाले शहराकडे. आणि एक बारीकशी गोष्ट तर शेतकऱ्याच्याच ध्यानात येईल. निघण्याआधी पोराने शेजाऱ्याशी बोलून ठेवले आहे, की इथून पुढे आईला शेतीच्या कामात हातभार लाव. जग वाचवायला निघालेला गडी आधी रानाची सोय लावून निघतो. हे एक वाक्य ज्याने ऐकले, त्याला तो प्रसंग पुन्हा पहिल्यासारखा दिसायचा नाही.

समालोचनाची खरी किंमत ही अशी आहे. चित्र सगळ्यांना तेच दिसते, पण बोलणारा बदलला की नजर बदलते. आम्हा विस्तार कामातल्या लोकांना हे रोज दिसते. शेतीशाळेत ठिबकची चित्रफीत लावली की तिच्यातला निवेदक शुद्ध भाषेत बोलत असतो आणि लोक जांभया देत असतात. मधेच मागच्या रांगेतला एखादा म्हणतो, "अहो, ही नळी माझ्याकडं उंदरानं तिसऱ्या महिन्यातच कुरतडली, मग मी असं केलं..." की सगळ्या माना तिकडे वळतात.

हे करतात कसे?

यात फार मोठा सरंजाम लागत नाही. पण शिस्त लागते. जाणकार हौशी मंडळींची रीत साधारण अशी आहे.

१) सिनेमा निदान दोनदा पाहायचा. कोणत्या मिनिटाला काय बोलायचे, ते वहीत टिपून ठेवायचे.

२) बोलणारे दोन ते चारच असावेत. एकटा माणूस दमतो आणि पाच जण झाले की ग्रामसभा होते. सगळे एकदम बोलतात, कळत कुणाचेच नाही.

३) बोलताना सिनेमाचा आवाज हेडफोनवर ऐकायचा. नाहीतर तो आपल्या मुद्रणात शिरतो.

४) सुरुवातीलाच ऐकणाऱ्याला खूण सांगायची. उदाहरणार्थ, "कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावरून गेले की आम्ही तीन, दोन, एक म्हणू. त्या क्षणाला सिनेमा चालू करा."

५) दर वीस-पंचवीस मिनिटांनी अशीच खूण पुन्हा द्यायची. "आता तो गच्चीवर उभा आहे," असे म्हटले की ऐकणाऱ्याला आपले गाडे मागे पडले की पुढे गेले ते समजते.

या शेवटच्या मुद्द्यात एक गंमत आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रे या वेगाने चालतो. आपल्या देशातील जुनी दूरचित्रवाणी पद्धत मात्र सेकंदाला २५ चित्रांची होती, म्हणून इकडच्या डीव्हीडीवर सिनेमा किंचित भरभर चालायचा. १४३ मिनिटांचा 'सुपरमॅन' साधारण १३७ मिनिटांत संपायचा. अमेरिकेत केलेले समालोचन इकडे जुळवायला गेले, की शेवटाला सुमारे सहा मिनिटांचे अंतर पडायचे. पडद्यावर 'समाप्त' आणि कानात अजून मारामारी चालू! आता मोबाईलवर ही वेगाची अडचण सहसा येत नाही. पण एकाच सिनेमाच्या लांब-आखूड आवृत्त्या असतातच. म्हणून आपण कोणती प्रत पाहून बोललो, ते आधीच सांगावे.

कायद्याचे भान

ग्रामपंचायतीच्या मंडळींनी हा भाग जरूर वाचावा. सिनेमा ही त्याच्या मालकाची मिळकत आहे. तिचे चित्र किंवा आवाज आपल्या मुद्रणात घालून वाटले, तर ते दुसऱ्याच्या रानातला ऊस तोडून आपल्या नावावर घालण्यासारखे झाले. म्हणूनच शहाणे हौशी लोक फक्त स्वतःचा आवाज वाटतात. सिनेमा ज्याचा त्याने रीतसर मिळवायचा. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षेसाठी वाजवी वापराची मुभा कलम ५२ मध्ये आहे. पण मुभा म्हणजे मोकळे रान नव्हे. आणि गावात सिनेमा जाहीरपणे दाखवायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी लागते, हेही विसरू नये.

मालेगावचा सुपरमॅन

चाहत्यांनी महानायकाला आपल्या बोलीत बोलायला लावल्याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, यंत्रमागांचे गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा सिनेमा गावातलीच माणसे घेऊन बनवला. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. सुपरमॅन झाले शफीक शेख हे यंत्रमागावर काम करणारे गृहस्थ, अंगाने काडीपैलवान. खलनायकाला सगळीकडे घाण हवी असते. अशा गावठी खलनायकाशी या सुपरमॅनची गाठ! क्रेन नव्हती, तर बैलगाडीला कॅमेरा बांधून तो वर उचलला. ट्रॉली नव्हती, तर सायकल वापरली.

या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली केला. शफीक पुढे कर्करोगाने गेले. रीमा कागती यांनी याच मंडळींवर काढलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा सिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरांत आला. म्हणजे ज्यांनी मुंबईची नक्कल केली, त्यांच्यावर मुंबईने सिनेमा काढला. दुसऱ्याच्या महानायकाला आपली बोली दिली म्हणून ही किमया घडली.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी

आता आपल्या गावच्या कामाची गोष्ट. संवादांच्या मधल्या फटीत, नेमक्या वेळी, नेमके शब्द बोलायचे, ही जी कला हौशी समालोचक कमावतो, तीच कला अंध माणसाला सिनेमा दाखवते. पडद्यावर कुणी बोलत नसते तेव्हा काय घडते आहे ते सांगायचे. "तो खिडकीशी गेला. खाली पाहिले. चष्मा काढला." याला ध्वनिवर्णन म्हणतात. सुपरहिरोच्या सिनेमात तर याची गरज फारच. नुसते धाडधूड ऐकू येते, पण कोण कुणाला मारतो ते कळत नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण' सिनेमा घरबसल्या पाहण्यासाठी उपलब्ध करताना त्यात ध्वनिवर्णन घालण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरांतील सिनेमा अंध व कर्णबधिर प्रेक्षकांना घेता यावा, यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. हे चांगलेच झाले. पण वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी कानांना समजेल असे वर्णन कोण करणार? मुंबईहून कुणी येऊन करील, ही आशा सोडा.

प्रत्येक गावात न दिसणारी दोन-चार माणसे असतातच. कुणी जन्मापासून, कुणाची मोतीबिंदू दुर्लक्षित राहून नजर गेलेली. घरात नातवंडे मोबाईलवर सिनेमा पाहून खिदळत असतात आणि आजोबा नुसते विचारत असतात, "काय झालं रे?" पोरं म्हणतात, "थांबा हो आबा, मग सांगतो." ते 'मग' काही येत नाही.

ग्रामपंचायतींना आपल्या स्वनिधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. त्या यादीत कुबड्या, पांढरी काठी असते आणि ती असलीच पाहिजे. पण करमणूक हीसुद्धा माणसाची गरज आहे, हे कुणाच्या यादीत नसते. गावचे वाचनालय, शाळेतील दोन बोलकी पोरे, एक मोबाईल आणि सुट्टीचे दोन दिवस एवढ्यावर एका सिनेमाचे वर्णन आपल्या बोलीत तयार होऊ शकते. मात्र एक पथ्य पाळावे. मुद्रण झाल्यावर ते आधी त्या अंध माणसालाच ऐकवावे आणि कुठे समजले नाही ते विचारून दुरुस्त करावे. पिकाचे खरेखोटे जसे शेतात कळते, तसे याचे खरेखोटे त्याच्या कानाला कळते.

पोरांना सुपरहिरोंचे वेड आहे, म्हणून आपण कपाळाला हात लावतो. त्यापेक्षा त्यांच्या हाती माईक द्या आणि सांगा, "आबांना दिसेल असं बोल." उडणारा माणूस कसा उडतो ते आबांना समजले, की पोराच्या वेडाचेही चीज झाले म्हणायचे.